डोक्याची चूक वेगळी, नावाचा वाद वेगळा: ‘ब्रॉन्टोसॉरस कधी नव्हताच’ या दाव्याचा प्रतिवाद

गेली काही वर्षे एक मजकूर थोड्याफार फरकाने सगळीकडे फिरतो आहे. त्याचा सारांश असा: ब्रॉन्टोसॉरस नावाचा डायनोसॉर पृथ्वीवर कधीच नव्हता, मार्श नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने प्रतिस्पर्ध्यावर मात करण्याच्या नादात अपॅटोसॉरस या डायनोसॉरच्या धडावर दुसऱ्याच प्राण्याचे डोके बसवले आणि तो नवा डायनोसॉर म्हणून खपवला, ही लबाडी उघड झाल्यावर नाव रद्द झाले, तरी संग्रहालयांनी शंभर वर्षे लोकांपासून ते लपवून ठेवले. अलीकडे या मजकुराला एक शेपूटही जोडलेले दिसते: २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी पुन्हा घूमजाव करून ब्रॉन्टोसॉरस खरा असल्याचे ‘सिद्ध’ केले, तेव्हा वर्गीकरण म्हणजे निव्वळ मनमानी आहे.

हा मजकूर सरळसरळ खोटा असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. पण त्यात खऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. चुकीचे डोके खरोखर बसवले गेले होते, नाव खरोखर मागे पडले होते, आणि मार्शची स्पर्धाही खरी होती, इतकी खरी की ती शास्त्राला शोभणारी नव्हती असे म्हणावे लागते. गफलत झाली आहे ती वेगवेगळ्या काळातल्या, वेगवेगळ्या कारणांनी घडलेल्या या गोष्टी एकाच दोऱ्यात ओवल्यामुळे. म्हणून त्यातले एकेक विधान सुटे करून पाहावे लागेल.

पहिले विधान, ‘असा प्राणी कधीच नव्हता.’

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या पीबडी संग्रहालयात वायपीएम १९८० या क्रमांकाचा एक सांगाडा आहे. वायोमिंगमधील कोमो ब्लफ या टेकड्यांत, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या, म्हणजे ज्युरासिक काळाच्या उत्तरार्धातील थरांत तो सापडला. पूर्वी रेल्वेत नोकरी करणाऱ्या आणि पुढे मार्शसाठी जीवाश्म खणून काढणाऱ्या विल्यम रीड याने तो शोधला, आणि ऑथनिएल चार्ल्स मार्श यांनी १८७९ मध्ये त्याला ‘ब्रॉन्टोसॉरस एक्सेल्सस’ हे नाव दिले. सॉरोपॉड, म्हणजे लांब मानेचे, लांब शेपटीचे, चार खांबांसारख्या पायांवर चालणारे शाकाहारी डायनोसॉर, यांचे इतके भरघोस सांगाडे त्या काळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. हा सांगाडा एकाच प्राण्याचा आहे. त्याचे मणके, कमरेची हाडे, पाय हे सारे आजही तिथे आहे. ज्या प्राण्याची ही हाडे आहेत तो होता की नव्हता, याविषयी १८७९ पासून आजपर्यंत एकाही अभ्यासकाने शंका घेतलेली नाही.

वाद आहे तो वेगळ्याच पातळीवरचा. प्राण्याच्या शास्त्रीय नावाचे दोन भाग असतात, पहिला वंशाचा आणि दुसरा जातीचा. ‘ब्रॉन्टोसॉरस’ हे वंशाचे नाव आणि ‘एक्सेल्सस’ हे जातीचे. विसाव्या शतकाचा बहुतांश काळ या प्राण्याला ‘अपॅटोसॉरस एक्सेल्सस’ म्हटले गेले. म्हणजे जात कायम राहिली, ती फक्त दुसऱ्या वंशात दाखल झाली. सातबाऱ्यावर फेरफार झाला म्हणून शेत जागचे हलत नाही, आणि ज्याचे नाव कमी झाले त्याने कधी तिथे नांगरच धरला नव्हता असेही कोणी म्हणत नाही. इथे तर नाव पूर्ण कमीही झाले नव्हते, अर्धे शिल्लक होते. ‘कधीच नव्हता’ हे विधान वंशाच्या नावाबद्दलचा वाद प्राण्याच्या अस्तित्वावर लादते, आणि मजकुरातल्या पुढच्या बहुतेक चुका इथूनच निघतात.

दुसरे विधान, ‘चुकीच्या डोक्यामुळे नवा प्राणी तयार झाला आणि डोके ओळखल्यावर नाव रद्द झाले.’

हे विधान सर्वांत लोकप्रिय आहे, कारण त्यात गोष्ट आहे. ते तपासण्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही, चार सनावळ्या ओळीने मांडल्या तरी पुरे. नाव दिले गेले १८७९ मध्ये. त्या वेळच्या मार्श यांच्या अगदी त्रोटक टिपणात डोक्याचा आधारच नाही, कारण सांगाड्याला डोके नव्हतेच. वर्णन आहे ते कमरेच्या व पाठीच्या मणक्यांचे आणि प्राण्याच्या प्रचंड आकाराचे. डोके आले नंतर, १८८३ मध्ये, जेव्हा मार्श यांनी संपूर्ण सांगाड्याचे चित्र प्रसिद्ध केले आणि रिकाम्या मानेवर दुसऱ्या ठिकाणी सापडलेल्या अवशेषांच्या आधारे कवटी रेखाटली. म्हणजे नाव आधी आणि डोके चार वर्षांनी. जे नाव द्यायच्या वेळी हाताशी नव्हते, त्याच्यावर ते नाव उभे असणार कसे?

दुसऱ्या टोकाचे गणितही तसेच आहे. नाव मागे पडले १९०३ मध्ये. डोक्याची चूक निर्विवादपणे दाखवली गेली ती १९७० च्या दशकात. मध्ये सुमारे सात दशकांचे अंतर आहे. कारण परिणामानंतर सत्तर वर्षांनी येत नसते.

तरीही डोक्याची कहाणी सांगायला हवी, कारण ती या मजकुरात येते त्यापेक्षा कितीतरी अधिक बोलकी आहे. सॉरोपॉडच्या अवाढव्य देहाच्या मानाने कवटी फार लहान आणि नाजूक असते. मानेशी तिचा सांधा कमकुवत, त्यामुळे प्राणी मेल्यावर ती लवकर सुटते आणि पाण्याबरोबर वाहून जाते. बिनडोक सांगाडा ही या गटातली नेहमीची बाब आहे. १९०९ मध्ये अर्ल डग्लस यांनी युटा राज्यात, आज जिथे डायनोसॉर नॅशनल मॉन्युमेंट आहे तिथे, अपॅटोसॉरसचा एक उत्कृष्ट सांगाडा शोधला. त्याच्या अगदी जवळ एक कवटीही मिळाली. पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयाचे संचालक विल्यम हॉलंड यांनी १९१५ मध्ये असे मत मांडले की ही कवटी याच प्राण्याची असावी, आणि ती डिप्लोडोकस या सडपातळ सॉरोपॉडच्या कवटीसारखी आहे. त्या काळच्या मोठ्या नावांना ते रुचणारे नव्हते. हॉलंड यांनी मग कवटी बसवलीच नाही. त्यांच्या हयातीत तो सांगाडा डोक्यावाचून उभा राहिला. १९३२ मध्ये ते वारले, आणि दोनएक वर्षांत त्या मानेवर कॅमॅरासॉरस या दुसऱ्या सॉरोपॉडचे डोके चढवले गेले.

दोन कवट्या शेजारी ठेवल्या तर फरक कोणालाही कळेल. कॅमॅरासॉरसची कवटी आखूड, उंच, खोक्यासारखी, आणि दात चमच्याच्या आकाराचे, जाडजूड, जबड्याच्या मागपर्यंत ओळीने. डिप्लोडोकसची कवटी लांबट आणि बसकी, तोंडाचा पुढचा भाग रुंद, आणि दात पेन्सिलींसारखे बारीक, तेही फक्त पुढच्या बाजूला, जणू दंताळेच. एक कवटी चावून तोडणाऱ्याची वाटते, तर दुसरी ओरबाडून खाणाऱ्याची. १९७० च्या दशकात डेव्हिड बर्मन आणि जॉन मॅकिन्टॉश यांनी जुन्या नोंदी, पत्रे आणि हाडांवरचे क्रमांक तपासून हॉलंड बरोबर होते हे दाखवले. (मॅकिन्टॉश हे व्यवसायाने भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, सॉरोपॉड हा त्यांचा फावल्या वेळचा ध्यास होता, आणि त्या फावल्या वेळाने एका संपूर्ण गटाची मांडणी सुधारली.) १९७९ मध्ये कार्नेगी संग्रहालयाने योग्य डोके बसवले, १९८१ मध्ये पीबडीने, आणि न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने १९९५ मध्ये.

आता एक बारकावा, जो या मजकुराचे खंडन करणारेही पुष्कळदा सोडून देतात. ‘डोक्याचा आणि वर्गीकरणाचा काहीच संबंध नव्हता’ असे म्हणणेही चूक आहे. संबंध होता, पण वेगळ्या पायरीवर. आखूड डोक्यामुळे अपॅटोसॉरसचे नाते कॅमॅरासॉरसशी जोडले जात असे. डोके बदलल्यावर बर्मन आणि मॅकिन्टॉश यांनी त्याला डिप्लोडोकसच्या कुळात, म्हणजे डिप्लोडोसिडी या कुळात नेले, आणि तिथेच तो आज आहे. डोक्याने कूळ बदलले. वंशाचे नाव, म्हणजे ब्रॉन्टोसॉरस की अपॅटोसॉरस हा प्रश्न, डोक्याने ना निर्माण केला ना सोडवला, कारण दोन्ही पर्यायांत डोके एकाच घडणीचे आहे.

तिसरे विधान, ‘नाव लबाडी म्हणून रद्द झाले.’

नाव का मागे पडले हे समजण्यासाठी कंबरेपाशी जावे लागते. पाठीच्या कण्याचे जे मणके दोन्ही बाजूंनी कमरेच्या हाडांना जोडलेले असतात त्यांना मिळून त्रिकास्थी म्हणतात. मार्श यांनी १८७७ मध्ये कोलोरॅडोतील एका सांगाड्याला ‘अपॅटोसॉरस एजॅक्स’ हे नाव दिले होते. त्याच्या त्रिकास्थीत त्यांनी तीन मणके मोजले. दोन वर्षांनी कोमो ब्लफच्या प्राण्यात पाच निघाले. तीन आणि पाच हा फरक लहान नव्हे, म्हणून दुसरा वंश. शिकागोच्या फील्ड संग्रहालयातील एल्मर रिग्ज यांच्याकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच गटाचा आणखी एक सांगाडा आला, आणि त्याची तुलना करताना त्यांच्या लक्षात आले की हा फरक वंशाचा नसून वयाचा असावा. हे मणके जन्मतः एकसंध नसतात, वाढीच्या ओघात एकेक करून जुळत जातात. माणसातही हेच घडते. आपल्या माकडहाडाच्या वर जे एकसंध त्रिकोणी हाड असते ते बालपणी पाच सुटे मणके असतात आणि पंचविशीच्या आसपास पूर्ण जुळते. एजॅक्सचा नमुना पुरती वाढ न झालेल्या प्राण्याचा आहे आणि एक्सेल्ससचा प्रौढाचा, असा रिग्ज यांचा निष्कर्ष होता. त्यांनी तो १९०३ मध्ये प्रसिद्ध केला. दोन्ही जाती एकाच वंशातल्या, पण जाती म्हणून वेगळ्या, असे त्यांनी मांडले.

मग दोन नावांतले कोणते ठेवायचे? इथे प्राणिशास्त्रातला अग्रक्रमाचा नियम लागू होतो. एकाच गोष्टीला दोन नावे पडली असतील तर आधी प्रसिद्ध झालेले नाव टिकते. अधिक अर्थपूर्ण, अधिक गाजलेले किंवा अधिक अचूक नाव नव्हे, फक्त आधीचे. ‘ब्रॉन्टोसॉरस’ म्हणजे मेघगर्जनेचा सरडा, आणि ‘अपॅटोसॉरस’ म्हणजे फसवा सरडा. नियमाने गर्जना गेली आणि फसवा राहिला. मजकूर लिहिणाऱ्यांपैकी काहींनी या ‘फसव्या’ शब्दावरूनच लबाडीचा तर्क लढवला आहे. वास्तविक ते नाव पडले ते शेपटीखालच्या काही हाडांमुळे, जी मोसॅसॉर या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हाडांशी साम्य दाखवून पाहणाऱ्याला चकवतात.

या नियमाचा तडाखा मार्श यांना आधीही बसला होता, आणि तोही आपल्या जबलपूरमुळे. १८७७ मध्येच त्यांनी कोलोरॅडोतील एका सॉरोपॉडला ‘टायटॅनोसॉरस’ हे नाव दिले. पण रिचर्ड लायडेकर यांनी जबलपूरला सापडलेल्या हाडांना त्याच वर्षी, मार्श यांच्या आधी, ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव देऊन टाकले होते. मार्श यांना आपल्या प्राण्याचे नाव बदलून ‘अटलांटोसॉरस’ करावे लागले. इथे दोन वेगळ्या प्राण्यांना एकच नाव पडले होते आणि ब्रॉन्टोसॉरसच्या बाबतीत एकाच वंशाला दोन नावे पडली असे ठरले. प्रकार उलटे, पण न्याय एकच, आधी आला तो धनी. यात कोणाची लबाडी पकडली गेली असे कोणी म्हणत नाही, आणि ब्रॉन्टोसॉरसबाबतही म्हणायला नको.

लबाडीचा आरोप मार्श यांच्या स्वभावाकडे बोट दाखवून केला जातो, तेव्हा त्याबद्दल दोन शब्द. मार्श आणि फिलाडेल्फियाचे एडवर्ड ड्रिंकर कोप यांचे वैर जगजाहीर होते. एकमेकांची माणसे फोडणे, खाणींवर पाळत ठेवणे, वर्तमानपत्रांतून चिखलफेक, यातले काहीही वर्ज्य नव्हते. या घाईत दोघांनी पुरेशा पुराव्यावाचून भराभर नावे दिली, आणि त्यांची निस्तरणी पुढच्या पिढ्यांना करावी लागली. एवढा दोष मार्श यांच्या पदरात घालायला माझी हरकत नाही. पण घाई म्हणजे बनावट नव्हे. बिनडोक सांगाड्याचे चित्र पूर्ण करताना जवळच्या वाटणाऱ्या प्राण्याचे डोके घेणे ही त्या काळची रूढ पद्धत होती, आणि ते चित्र छापील होते, कोणालाही तपासता येण्याजोगे. शिवाय या मजकुराच्या काही आवृत्त्यांत ‘डोके शेपटीला लावले’ असेही आढळते. तो प्रकार घडला होता, मात्र तो मार्श यांच्या हातून नव्हे तर कोप यांच्याकडून, आणि तो प्राणी डायनोसॉरही नव्हता. इलास्मोसॉरस नावाच्या समुद्री प्राण्याची लांब मान कोप यांनी शेपूट समजली होती. दोन वैऱ्यांच्या चुका एकाच्या नावावर जमा झालेल्या पाहून कोप बहुधा खूश झाले असते.

चौथे विधान, ‘संग्रहालयांनी शंभर वर्षे लपवले.’

रिग्ज यांचा निष्कर्ष त्यांच्याच संग्रहालयाने छापला. कार्नेगी संग्रहालयातला सांगाडा १९१५ पासून ‘अपॅटोसॉरस’ याच नावाने ओळखला गेला. हॉलंड यांनी त्याची जात अँड्र्यू कार्नेगी यांच्या पत्नी लुईस यांच्या नावावरून ‘लुईसी’ ठेवली. शास्त्रीय लेखनात अपॅटोसॉरस हेच नाव रुळले. तेव्हा लपवाछपवी म्हणावी असे काही नाही. मात्र एका गोष्टीबद्दल संग्रहालयांना जाब विचारणे रास्त आहे. न्यूयॉर्कच्या संग्रहालयाने फेब्रुवारी १९०५ मध्ये, म्हणजे रिग्ज यांचा लेख येऊन दोन वर्षे झाल्यावर, आपला भव्य सांगाडा लोकांसाठी खुला केला तो ‘ब्रॉन्टोसॉरस’ या पाटीखाली. सॉरोपॉडचा संपूर्ण सांगाडा उभा केलेला पाहण्याची जगाची ती पहिली वेळ. त्यात एकाहून अधिक प्राण्यांची हाडे होती आणि डोके तर ॲडम हर्मन यांनी हाताने घडवलेले होते. संग्रहालयाच्या अध्यक्षपदाच्या वाटेवर असलेले हेन्री फेअरफील्ड ऑस्बॉर्न यांनी रिग्ज यांचे मत बाजूला ठेवले. एका पाटीची ताकद शास्त्रीय लेखापेक्षा किती मोठी असते ते यावरून कळते. त्या पाटीमुळे पोस्टर, खेळणी, चित्रपट, शालेय पुस्तके यांत ब्रॉन्टोसॉरसच रुजला, इतका की १९८९ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने डायनोसॉरांची तिकिटे काढली तेव्हा त्यावरही हेच नाव छापले गेले आणि तिथल्या जाणकारांनी गदारोळ केला. निष्काळजीपणा म्हणा, लोकप्रियतेचा मोह म्हणा. पण ज्याचा प्रतिवाद प्रत्येक ग्रंथालयात छापील उपलब्ध होता, त्याला लपवणे म्हणता येत नाही.

पाचवे विधान, ‘२०१५ मध्ये पुन्हा सिद्ध झाले, म्हणजे सगळी मनमानी.’

या शेपटीत दोन परस्परविरोधी चुका आहेत. एक, २०१५ मध्ये काही ‘सिद्ध’ झाले हे मानणे. आणि दोन, जे झाले त्याला लहर समजणे.

एमानुएल चॉप, ऑक्टाव्हिओ मातेउस आणि रॉजर बेन्सन यांनी एप्रिल २०१५ मध्ये ‘पीअरजे’ या नियतकालिकात डिप्लोडोसिडी कुळाची फेरतपासणी प्रसिद्ध केली. जवळपास तीनशे पानांचे ते काम आहे. त्याचे वेगळेपण पद्धतीत होते. आधीचे अभ्यास बहुधा जाती किंवा वंश हेच एकक धरून चालत, म्हणजे ‘अपॅटोसॉरसची मान अशी’ असे म्हणताना कोणती मान, कोणत्या नमुन्याची, हा प्रश्न आधीच सुटल्याचे गृहीत धरत. या तिघांनी एकेक सांगाडा स्वतंत्र धरला. एकूण ८१ एकके आणि त्यांत तपासण्यासाठी हाडांची ४७७ लक्षणे. युरोप-अमेरिकेतील वीसेक संग्रहालयांत जाऊन हाडे प्रत्यक्ष पाहिली, मग संगणकाला विचारले की पूर्वीच्या पाट्या विसरून हे सांगाडे कसे एकत्र येतात. हाती आलेल्या मांडणीत एक्सेल्सस हा एजॅक्स आणि लुईसीच्या गटात न बसता शेजारी वेगळा बसला, आणि त्याच्यासोबत पूर्वी वेगवेगळ्या नावांनी ओळखल्या गेलेल्या पार्व्हस आणि याह्नाहपिन या आणखी दोन जाती आल्या. म्हणून ब्रॉन्टोसॉरस हा तीन जातींचा वंश पुन्हा मांडला गेला.

फरक नेमका कुठे आहे तो पाहण्यासारखा आहे. या दोन्ही वंशांचे मिळून जे उपकूळ बनते त्याला अपॅटोसॉरिनी म्हणतात, आणि त्याची ओळख म्हणजे मान. डिप्लोडोकसची मान बारीक व निमुळती. यांची मात्र अवजड. मानेच्या प्रत्येक मणक्याच्या खाली, दोन्ही अंगांना, बरगडीसारखी जाड हाडे जुळलेली असतात आणि ती इतकी खाली उतरतात की मणका समोरून पाहिला तर मध्ये दोन मोठी भोके असलेली एखादी बोजड कमान वाटावी. मान आडवी छेदली तर ती गोल न दिसता खाली रुंद अशी त्रिकोणी दिसेल. एवढी मजबूत मान कशासाठी, मानेने मानेला टकरा देण्यासाठी का, याची चर्चा चालू आहे. या समान घडणीच्या आत, अपॅटोसॉरसची मान अधिक रुंद आहे आणि ब्रॉन्टोसॉरसची तुलनेने उंच आणि अरुंद. बाकीचे फरक याहून बारीक आहेत, आणि ते मणक्यांवरच्या कडा, खळगे व हाडांचे परस्पर प्रमाण यांत विखुरलेले आहेत.

आता ‘सिद्ध’ या शब्दाविषयी. कोणता सांगाडा कोणाच्या जवळ आहे हे लक्षणांवरून तपासता येते. पण जवळच्या दोन गटांना दोन वंश म्हणायचे की एकाच वंशातल्या जाती, ही सीमा निसर्गाने आखून दिलेली नाही. लेखकांनी ती लपवली नाही. या कुळात आधीपासून सर्वमान्य असलेल्या वंशांमध्ये व जातींमध्ये किती फरक दिसतात ते मोजून त्यांनी एक मोजपट्टी ठरवली, वंश वेगळा म्हणायला किमान तेरा फरक आणि जात वेगळी म्हणायला किमान सहा. तेराऐवजी वीसची अट ठेवा, चित्र बदलेल. त्यामुळे काही अभ्यासकांनी हा निकाल स्वीकारला, तर काहींनी एवढ्या फरकावर वंश वेगळा करण्याची गरज नाही असे म्हटले. दोघेही हाडांबद्दल बहुतांशी सहमत आहेत, मतभेद आहे तो पट्टीबद्दल. ‘ब्रॉन्टोसॉरस परत आला’ अशा मथळ्यांनी हा भेद पुसला, आणि त्याबाबत ‘कधी नव्हताच’वाले आणि ‘परत आला’वाले सारखेच दोषी आहेत.

मात्र पट्टी मानवनिर्मित आहे म्हणून ती मनमानी ठरत नाही. मनमानी असती तर निकाल सोयीचे निघाले असते. याच अभ्यासात न्यूयॉर्कचा तो सांगाडा, ज्याने सबंध जगाला ब्रॉन्टोसॉरस म्हणजे काय ते शिकवले, दोन्हींपैकी एकाही वंशात खात्रीने बसला नाही. तो अपॅटोसॉरिनी उपकुळातला आहे, एवढेच ठामपणे म्हणता आले. ज्याच्या पाटीवर हे नाव गाजले तोच नावाबाहेर राहिला. प्रसिद्धीच्या मागे लागलेल्याने असा निकाल काढला नसता. दुसरीकडे, पूर्वी डिप्लोडोकस म्हणून गणली जाणारी एक जात या अभ्यासात वेगळी निघून तिला गॅलिअमोपस हा नवा वंश मिळाला, आणि पोर्तुगालचा डिनहेरोसॉरस हा वंश सुपरसॉरसमध्ये विलीन झाला. पट्टी एकच, पण तिने कोणाला वेगळे केले तर कोणाला एकत्र आणले. बातम्यांत मात्र यातले एकच नाव झळकले.

रिग्ज चुकले होते का, असाही प्रश्न विचारला जातो. १९०३ मध्ये त्यांच्यासमोर मोजके नमुने होते, आणि वयानुसार मणके जुळतात हा त्यांचा मुद्दा आजही खरा आहे. तीन आणि पाच मणक्यांवर आधारलेला मार्श यांचा फरक त्यांनी निकालात काढला तो कायमचाच. २०१५ चा निकाल त्या फरकावर उभा नाही. म्हणजे ब्रॉन्टोसॉरस हे नाव परत आले ते ज्या कारणाने दिले होते त्या कारणाने नव्हे. मार्श यांचे नाव टिकले, पण युक्तिवाद टिकला नाही. रिग्ज यांचा युक्तिवाद टिकला, पण निष्कर्षावर वाद आहे. ‘कोण जिंकले’ असे विचारणाऱ्यांसाठी याचे सोपे उत्तर नाही.

राहता राहिले ते या मजकुरातून नेहमी काढले जाणारे अनुमान, की नाव उडाले म्हणजे प्राणी उडाला. यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यातील डोंगरगाव येथे लॅमेटा नावाच्या खडकथरांत एका सॉरोपॉडचे अवशेष सापडले. हा डिप्लोडोसिडी कुळातला नव्हे, तर टायटॅनोसॉरिया या वेगळ्या गटातला, आणि ब्रॉन्टोसॉरसहून आठ कोटींहून अधिक वर्षांनी अलीकडचा, डायनोसॉरांच्या अखेरच्या पर्वातला. सोहन लाल जैन आणि सास्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याला ‘टायटॅनोसॉरस कोल्बर्टी’ हे नाव दिले. २००३ मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी टायटॅनोसॉरस या वंशात तोवर टाकलेल्या सगळ्या जाती तपासल्या आणि असा निष्कर्ष काढला की ज्या शेपटीच्या मणक्यावर लायडेकर यांनी हा वंश उभा केला, त्याची लक्षणे आता कितीतरी सॉरोपॉडांत आढळतात. त्यावरून एखादा वंश वेगळा ओळखता येत नाही. डोंगरगावच्या प्राण्याला मात्र स्वतःची ठळक लक्षणे होती, म्हणून त्याला त्यांनी ‘आयसिसॉरस’ हा स्वतंत्र वंश दिला, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून. कोल्बर्टी हे जातीचे नाव तेच राहिले, जसे तिकडे एक्सेल्सस राहिले. वरोऱ्याच्या मातीतून निघालेली हाडेही तीच राहिली. चंद्रपूरचा डायनोसॉर बनावट होता असा मजकूर अजून तरी कोणी फिरवलेला नाही.

आणि ज्या टायटॅनोसॉरसने मार्श यांना नाव बदलायला लावले होते त्याचे काय झाले? जबलपूरची ती हाडे १८२८ मध्ये विल्यम स्लीमन यांना सापडली होती. पुढे ती हरवल्याचे मानले जात होते. २०१२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकात्यातील संग्रहात त्यांतला शेपटीचा एक मणका पुन्हा हाती लागला आणि धनंजय मोहबे यांनी सहकाऱ्यांसह पुढच्याच वर्षी ते प्रसिद्ध केले. टायटॅनोसॉरिया हा गट आज सॉरोपॉडांतला सर्वांत विस्तीर्ण गट आहे आणि त्याचे नाव याच हाडांवरून आले आहे. पण या मणक्यावरून वंश ओळखता येत नाही हा २००३ चा निष्कर्ष, मणका सापडल्यानंतरही, होता तिथेच आहे.